खाऱ्या बारवेच्या बाजारात

भगिनींनो, दिल्लीस येणारी आपली मराठी कुटुंबे लाल किल्ला पाहतात, कुतुबमिनार पाहतात, चांदणी चौकात जिलेबी खातात आणि परतीची गाडी गाठतात. त्याच चांदणी चौकाच्या पश्चिम टोकाशी १६५० साली बांधलेली फतेहपुरी मशीद आहे. तिला वळसा घातला की एक बाजार लागतो. तेथे एक सकाळ काढावी, अशी माझी आपणांस आग्रहाची विनंती आहे. रविवार तेवढा टाळावा.

बाजाराचे नाव खारी बावली. बावली म्हणजे आपली बारव. शेरशहाचा पुत्र इस्लामशहा याच्या कारकिर्दीत, १५५१च्या सुमारास, येथे पायऱ्यांची विहीर बांधून पुरी झाली आणि तिच्या खारट पाण्यावरून हे नाव पडले. बारव केव्हाच नाहीशी झाली. आज तेथे मिरच्यांची पोती, हळदीच्या राशी आणि हमालांच्या हातगाड्या आहेत. पदर नाकाशी धरूनच आत शिरावे, कारण पहिल्या दहा पावलांतच शिंकांचा मारा सुरू होतो. मसाल्यांचा एवढा मोठा घाऊक बाजार आशिया खंडात दुसरा नाही, असे येथील दुकानदार अभिमानाने सांगतात.

यंदा मी तेथे गेले ती भाचीला घेऊन. ती गुरुग्रामास, म्हणजे पूर्वीच्या गुडगावास, नोकरीला आहे. कोकणातून आली तेव्हा तिचे केस गुडघ्याशी खेळत होते. दोन वर्षांत त्यांचा काथ्या झाला. तीन शाम्पू बदलून झाले. त्यातच एका मैत्रिणीच्या लग्नात कोणीतरी तिच्या हातावर ‘दहा मिनिटांत रंगणारी’ काळी मेंदी काढली. चार दिवसांनी नक्षीच्या रेषांवर फोड उठले. तिचे स्वतःचे लग्न दोन महिन्यांवर आलेले! पोर रडकुंडीस आली होती.

त्वचारोगतज्ज्ञांनी जे सांगितले ते आपणही ध्यानी ठेवावे. मेंदीच्या पाल्याचा रंग नारिंगी-तांबडा असतो आणि तो पुरता चढावयास एक-दोन दिवस लागतात. तत्काळ काळीभोर रंगणाऱ्या मेंदीत बहुधा पॅरा-फेनिलिनडायअमीन नावाचे रसायन असते. केसांच्या कलपात ते मोजून घालतात. हातावर लावण्याची ती वस्तूच नव्हे. एकदा का त्वचेने त्याचा राग धरला, की पुढे केसांचा साधा कलपही सोसत नाही. भाचीला तो आता जन्मभर वर्ज्य.

बाजारात शिरताना शब्दांची थोडी तयारी हवी. आपला वाळा येथे ‘खस’ होतो, जटामांसी ‘बालछड’ होते, उटण्याला ‘उबटन’ म्हणावे लागते; नागरमोथा तेवढा नागरमोथाच राहतो. रिठा पाहून भाची चकित झाली. आपल्याकडचा रिठा तीन फळे एकत्र जुळलेला; हिमालयाच्या पायथ्याकडून येणारा हा एकेकटा, गोल. गुण मात्र तोच. मुलतानी मातीच्या नावात मुलतान आहे, पण आजची माती राजस्थानातील बिकानेर-बाडमेरकडची. बालछड मी हल्ली घेत नाही. हिमालयात उंचावर वाढणारी ती वनस्पती बेसुमार खणल्यामुळे नष्टप्राय होत चालली आहे, आणि सुगंधाला वाळा पुरतो.

दुकानदाराने तयार चूर्णाची पुडी पुढे केली. “माताजी, कुटण्याची कटकट कशाला?” मी अख्खी शिकेकाई मागितली. अख्खी शेंग डोळ्यांना दिसते, हातात मोडून पाहता येते. भुकटीत काय काय दळले आहे, हे दळणारालाच ठाऊक! हळदीचेही तसेच. पिवळा रंग खुलविण्यासाठी तिच्यात शिशाचे विषारी संयुग मिसळल्याचे प्रकार उघडकीस आले आहेत. म्हणून उटण्यासाठी हळकुंडे घ्यावीत, तीही अति झळझळीत नकोत.

आता भाचीच्या केसांकडे वळू. तिच्या इमारतीत कूपनलिकेचे पाणी येते. बादलीच्या कडेला पांढरा थर बसतो, तोच प्रकार केसांवरही होतो. जड पाण्यातील चुना साबणाशी मिळून चिकट साका होतो आणि केस राठ, निस्तेज दिसू लागतात. रिठा-शिकेकाईच्या फेसाचा असा साका होत नाही. पाचसहा रिठ्यांची साले, मूठभर शिकेकाई व थोडी आवळकाठी रात्री भिजवून सकाळी पाव तास उकळावी आणि गाळून घ्यावी. हे पाणी डोळ्यांत गेले तर आग होते, आणि आठवड्यातून एकदोनदापेक्षा अधिक वापरल्यास केस कोरडे पडतात. शेवटचा तांब्या गोड्या पाण्याचा ओतावा. येथील पुष्कळ गृहिणी घरच्या शुद्धीकरण यंत्रातून बाहेर टाकलेले पाणी काटकसरीने साठवून नहावयास घेतात. त्यात उलट क्षार अधिक साठलेले असतात! त्याने फरशी पुसावी.

मुलतानी मातीबद्दल माझे घरात नेहमी भांडण होते. कोकणच्या दमट हवेत ती सोसते, पण दिल्लीच्या पौषात आधीच उललेल्या गालांवर ती लावणे म्हणजे कोरड्या भाकरीवर पीठ भुरभुरणे. दिवाळीच्या अभ्यंगाला मी तिळाचे तेल आधी भरपूर जिरवते आणि उटणे सायीत कालवते. माती वैशाखात काढावी.

केस राठ होणे आणि केस गळणे या मात्र दोन गोष्टी. भाचीचे दोन्ही चालले होते. गळणाऱ्या केसांना शिकेकाईचा इलाज नाही, म्हणून तिचे रक्त तपासून घेतले. हिमोग्लोबिन बरेच कमी निघाले. सकाळी चहा, दुपारी कचेरीतले सँडविच, रात्री थकून काहीतरी! २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब-आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षयग्रस्त आढळल्या. त्या दिवशी आम्ही शिकेकाईच्या शेजारच्याच दुकानातून राजगिरा, हरभरे आणि अळिवाची पुडी घेतली. औषध डॉक्टरांचे, ते वेगळे.

लग्नाच्या मेंदीसाठी राजस्थानातील सोजतचा नुसता सुका पाला मिळाला. या मेंदीला २०२१ साली भौगोलिक मानांकन लाभले आहे. घरी वाटून आधी कोपराच्या आत टिकलीएवढी लावून दोन दिवस वाट पाहिली. काही झाले नाही. सीमांतपूजनाच्या आदल्या दोन रात्री मावश्यांनी तिच्या तळहातांवर ती काढली, तेव्हा सकाळी रंग फिका पाहून मुलगी पुन्हा हिरमुसली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो गुळाच्या ढेपेसारखा चढला होता.

निघताना दुकानदाराने न मागता वाळ्याची एक जुडी पिशवीत टाकली. मेट्रोत गर्दी होती. शेजारच्या वृद्ध सरदारजींनी दोनदा मान वळवून वास घेतला आणि विचारले, “बेटी, खस कहाँ से लाई?” भाचीने हसून खारी बावलीचे नाव सांगितले, आणि रविवारी जाऊ नका, हेही बजावले.