केंद्र डोंगराच्या पोटात

वहीतलं वर्तुळ केंद्रापासून सुरू होतं. कंपासचं टोक आधी टोचायचं, मग पेन्सिल फिरवायची. रुळांच्या वळणाला ही सोय नाही. पावणेनऊशे मीटर त्रिज्येचं वळण घेतलं, तर त्याचं केंद्र कधी डोंगराच्या पोटात असतं, कधी दरीवर अधांतरी, कधी कुणाच्या भाताच्या खाचरात. तिथे जाऊन कोणी खुंटी ठोकत नाही. रेल्वेच्या पी-वेमध्ये, म्हणजे रूळमार्गाच्या देखभालीत, आयुष्य घालवलेल्या आम्हा लोकांना केंद्राशी होणारा कोन आणि कंसाची लांबी कडेवर उभं राहूनच काढावी लागते. या कामाची गोडी मला लागली ती त्यामुळेच.

नवी आखणी करताना कोन मिळवणं सोपं. दोन्हीकडचे सरळ मार्ग पुढे वाढवून जिथे छेदतील तिथे थिओडोलाइट लावायचा. मार्गाची दिशा जेवढी बदलली, तेवढाच कोन केंद्राशी. समजा, तो २४ अंश आला. आपल्या रेल्वेत वळणही अंशातच सांगतात: साडेतीस मीटर, म्हणजे जुन्या शंभर फुटांमागे केंद्राशी एक अंश, ते एक अंशाचं वळण, त्रिज्या सुमारे १७५० मीटर. दोन अंशाचं वळण ८७५ मीटर त्रिज्येचं. मग लांबी किती? २४ भागिले २, गुणिले साडेतीस: ३६६ मीटर. पाय (π) कुठे दिसतच नाही, कारण तो त्या १७५० मध्ये आधीच मुरलेला आहे. (प्रत्यक्षात दोन्ही टोकांना संक्रमण वक्र जोडावे लागतात. नाहीतर सरळ मार्गावरून आलेल्या गाडीला एकदम हिसका बसेल.)

पण वळण एकदा घालून भागत नाही. गाड्यांच्या माऱ्याने ते हळूहळू बिघडतं, आणि मग दोरी काढावी लागते. बाहेरच्या रुळाच्या आतल्या कडेला २० मीटरची दोरी ताणायची आणि मध्यावर दोरी व रूळ यांतलं अंतर मोजायचं. ही वर्साइन. भास्कराचार्यांच्या लीलावतीत हाच शर आहे: अर्ध्या जीवेचा वर्ग म्हणजे शर गुणिले (व्यास वजा शर). चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांच्या घराण्याचा शिलालेख आहे. त्या बाजूने जाताना मला नेहमी हे सूत्र आठवतं. ८७५ मीटरच्या वळणावर शर येतो ५७ मिलिमीटर. दर दहा मीटरला असं मोजत गेलं की आकड्यांचा एक रकाना तयार होतो: ५२, ६३, ५५, ६०...

हा रकाना मला फार प्रिय आहे. एका ठिकाणी पहारी लावून रूळ दहा मिलिमीटर बाहेर सरकवला, तर तिथली वर्साइन दहाने वाढते आणि दोन्ही शेजाऱ्यांची पाच-पाचने घटते. रूळ कितीही इकडेतिकडे करा, बेरीज हलत नाही. का? कारण ती बेरीज म्हणजेच तो कोन. मीटरमधल्या बेरजेला पाचने भागलं की कोन रेडियनमध्ये मिळतो. आपल्या वळणाची बेरीज २०९४ मिलिमीटर यायला हवी, २.०९४ भागिले ५ म्हणजे ०.४१८८, म्हणजे बरोबर २४ अंश. वळण वेडंवाकडं झालं तरी दोन टोकांचे सरळ मार्ग जागचे हलत नाहीत, म्हणून कोनही हलत नाही. आता यंत्रं हे सगळं चालता चालता मोजतात, आणि चांगलं मोजतात. तरीही नव्याने आलेल्या मुलामुलींना मी एक वळण तरी दोरीने मोजायला आणि बेरीज हाताने करायला लावत असे.

याच कोनातून आणखी एक गोष्ट निघते. दोन रुळांच्या मध्यांत साधारण पावणेदोन मीटर अंतर असतं. त्याला ०.४१८८ ने गुणलं की ७३ सेंटिमीटर. बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा तेवढा लांब, मग त्रिज्या काहीही असो. एकाच आसावर घट्ट बसवलेल्या दोन चाकांनी हा फरक कसा भरून काढायचा? त्यासाठी चाकाच्या धावेला वीसास एक असा उतार दिलेला असतो. वळणावर जोडी जराशी बाहेरच्या बाजूला सरकते, बाहेरचं चाक मोठ्या व्यासावर फिरतं, आतलं लहान व्यासावर. डब्याच्या ९१५ मिलिमीटर व्यासाच्या चाकांना आपल्या वळणावर त्यासाठी फक्त नऊ मिलिमीटर सरकावं लागतं.