रस्सा थांबते, मासा नाही

भाऊबीजेला भाऊ जेवायला येतो आणि नेमका त्याच दिवसांत शेतात कापूस फुटून बोंडातून ओघळत असतो. वेचणी लांबवली तर कापूस मातीत जातो, आणि भावाला काही पुढच्या वर्षी ये म्हणता येत नाही. या ओढाताणीतच मी माशाचा रस्सा करायला शिकले.

आमच्या यवतमाळ जिल्ह्यापासून समुद्र फार लांब. आठवडी बाजारातले बोंबील आणि सुकट, एवढीच त्याची ओळख. ताजा मासा धरणाचा: बेंबळा, अरुणावती, इसापूर. रोहू आणि कटला वाहत्या नदीत अंडी घालणारे, साचलेल्या पाण्यात सहसा विणत नाहीत. १० जुलै १९५७ ला ओडिशातल्या अंगुल इथं हिरालाल चौधरी यांनी पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून अशा माशांची बंदिस्त पाण्यात वीण घडवली. पुढं बीज तयार करून तळ्याधरणांत सोडणं सोपं झालं. रोहू चिरताना मला त्या माणसाची आठवण होते.

पहाटे चूल पेटवते. पऱ्हाट्या भडकन पेटतात, तशाच लवकर विझतात. त्यांच्या जाळावर कांदा, सुकं खोबरं, खसखस, धणे भाजून पाट्यावर वाटते. मसाल्याला तेल सुटलं की गाडग्यात पाणी ओतते, जाळ ओढून घेते, खाली गोवऱ्या लावून वर राख पसरते. गोवरी दिवसभर धुमसते. मी वेचणीला जाते तेव्हा रस्सा उकळत नसतो. मधूनच एखादा बुडबुडा तेवढा फुटतो.

आंबट मात्र सकाळी घालायचं नाही. आंबटात कांदा लवकर गळत नाही. अंबाडीचा पाला संध्याकाळी पडतो, आणि गोड्या पाण्यातल्या माशाचा मातकट वास तोच मारतो. पैनगंगेपल्याड तेलंगणात याच पाल्याला गोंगुरा म्हणतात आणि झिंग्यांतही घालतात.

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत घाईनं मी सकाळीच मासाही गाडग्यात सोडला होता. संध्याकाळी पळी घातली तर वर नुसते काटे आले. भाऊ मुकाट्यानं काटे वेचत जेवला. ते मला आजही सलतं. माय तेवढंच म्हणाली, "रस्सा थांबते पोरी, मासा नाही थांबत."

त्या बोलण्याचा अर्थ मला हातानं कळत गेला. मटणाचे चिवट धागे विरघळायला तास लागतात. माशाचे धागे कोवळे, पाण्यानं तोललेल्या अंगाचे; थोड्या आचेतच सुटतात. म्हणून दिवसभराची सगळी सबुरी मसाल्याला द्यायची, आणि माशाच्या वेळी मात्र समोरून हलायचं नाही. घाईच्या दिवसांत ही विभागणीच घर सांभाळते. जे थांबू शकतं ते गोवरीवर ठेवावं, जे थांबत नाही त्याच्यासाठी स्वतः हजर राहावं.

आता मासा भाऊच आणतो, बेंबळ्यावरून येताना. दिवेलागणीला अंबाडी शिजली की हळद-मीठ लावलेले तुकडे रश्श्यात सोडते, रोहूचं डोकं वर ठेवते, झाकण लावते आणि गोवऱ्या बाजूला करते. जाड गाडग्याची धग पुरेशी असते. मग ओवाळणीचं ताट उचलते. भावाला ओवाळून परत येते तोवर रोहूचा डोळा पांढरा झालेला असतो. मासा शिजला. भाकरी थापायला बसते.