शंभर दाणे आणि एक वही

शेती खात्याच्या नोकरीत माझे केस पांढरे झाले. गावोगाव फिरून लोकांना चार गोष्टी सांगायच्या, हे माझे काम. पण एकदा नववीतल्या एका मुलीने मलाच धडा दिला. तो आज तुम्हाला सांगतो.

2020 चा जून तुम्ही विसरला नसाल. मराठवाड्यात सोयाबीन उगवले नाही म्हणून तक्रारींचा ढीग लागला होता. पंचनाम्यासाठी मी शेतोशेत हिंडत होतो. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने बोटाने सरी उकरली, कुजलेला दाणा माझ्या तळहातावर ठेवला आणि तो काही न बोलता उभा राहिला. त्या दाण्याचे ओझे मला अजून जाणवते. म्हणून पुढच्या वर्षी मे महिन्यात मी घरोघर उगवणशक्ती तपासून घ्यायचे ठरवले.

रीत साधी आहे. गोणपाट भिजवून पिळून घ्यायचे. त्यावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडायच्या. वर दुसरे ओले गोणपाट घालून गुंडाळी करायची, सावलीत ठेवायची आणि ओल टिकवायची. सहा-सात दिवसांनी उलगडून चांगले कोंब मोजायचे. शंभरात सत्तर उगवले तर एकरी 30 किलो बियाणे पुरते.

एका घरी घरचे तीन पोती सोयाबीन होते, पन्नास-पन्नास किलोचे. पेरायचे होते चार एकर. तिन्ही पोत्यांतले मूठ-मूठ दाणे एकत्र करून मी शंभर मोजले आणि गुंडाळी करून दिली. आठवड्याने गेलो, तर एकाहत्तर उगवलेले. मी म्हणालो, "पास! बिनघोर पेरा."

दारात उभ्या असलेल्या मुलीने विचारले, "साहेब, एकाहत्तर म्हणजे प्रत्येक पोत्यात एकाहत्तरच का?"

बाप ओरडला, "गप बस. साहेबांना उलट विचारतेस?"

मी हसून वेळ मारून नेली. पण खरे सांगतो, उत्तर माझ्याजवळ नव्हते. कॉलेजात या चाचणीवर मी पानभर उत्तर लिहिले होते, मार्कही चांगले मिळाले होते. असा प्रश्न मात्र मला कधी पडला नव्हता. पाठ केलेल्याला प्रश्न कुठून पडणार?

पुढच्या खेपेला तिने वही पुढे केली. प्रत्येक पानावर तीन रकाने आखलेले : काय दिसले, काय वाटले, काय करून पाहिले. तिने आईच्या जुन्या लुगड्याचे तीन तुकडे करून तिन्ही पोती वेगवेगळी तपासली होती. पहिल्यात 86 उगवले, दुसऱ्यात 82 आणि तिसऱ्यात अवघे 42!

तिसरे पोते मोरीच्या भिंतीला टेकून, खाली फळी न घालता ठेवलेले होते. ओल धरून त्याचा जीव गेला होता. दोन चांगल्या पोत्यांनी तिसऱ्याचे दुखणे झाकले होते. ते तसेच पेरले असते, तर त्या पोत्याच्या वाट्याच्या रानात रोपे निम्मीच दिसली असती. मग पुन्हा पंचनामा, आणि पुन्हा मीच!

बाप म्हणाला, "म्हणजे आता एक पोते विकतचे आणावे लागणार." त्याचा चेहरा उतरला. पोरीने पान उलटले. तिथे तिने त्रैराशिक मांडले होते : सत्तर टक्क्यांना 30 किलो, तर चौऱ्याऐंशीला किती? उत्तर 25 किलो. दोन पोत्यांचे शंभर किलो, म्हणजे बरोबर चार एकर. मी तिचा हिशेब दोनदा तपासला. चूक नव्हती. तिसऱ्या पोत्याला बीजप्रक्रियेचे औषध लागलेले नव्हते, ते बाजारात विकले. विकतच्या बियाण्याचे पैसे वाचले. जुलैत मी ते रान पाहिले, पाभरीच्या ओळी सलग भरल्या होत्या.

तेव्हापासून मी मूठ-मूठ एकत्र करीत नाही. पोत्यागणिक वेगळी गुंडाळी करायला सांगतो. तुम्हीही तसेच करा, आणि पोत्याखाली फळी घालायला विसरू नका.

आणखी एक सांगणे आहे. त्या मुलीकडे वेगळी हुशारी होती असे नाही. गणितात ती वर्गात मधेच कुठेतरी होती. त्रैराशिक सगळ्या वर्गाला शिकवले होते, तिने ते पोत्याला लावून पाहिले, एवढेच. तुमच्या घरातले लेकरू "असं का?" म्हणून विचारील, तेव्हा त्याला गप बसवू नका. उत्तर येत नसेल तर तसे सांगा आणि म्हणा, "चल, करून पाहू." दहा-वीस रुपयांची वही द्या, तीन रकाने आखून द्या.

त्या दिवशी निघताना बाप म्हणाला, "साहेब, मी उगीच तिला गप केले." मी म्हणालो, "अहो, हसून मीही तेच केले होते."