आधी फाइल बघा, मग मशीन

भोपाळला शूटिंगचं अप्रूप आता राहिलेलं नाही. ‘राजनीती’ इथे झाला, ‘स्त्री’ चंदेरीत आणि भोपाळमध्ये झाला, ‘गुल्लक’मधल्या मिश्रांचं घर याच शहरातलं आणि ‘पंचायत’चं फुलेरा म्हणजे शेजारच्या सीहोर जिल्ह्यातलं महोडिया. पण ही मंडळी काम आटोपलं की हार्ड डिस्क घेऊन मुंबई गाठतात. गावात एडिटिंगचं जे काम उरतं ते निराळं असतं: लग्नं, कोचिंग क्लासची लेक्चर्स, गणेशोत्सवातले कार्यक्रम, कुणाचं यूट्यूब चॅनल. भेल आणि गोविंदपुऱ्याच्या पलीकडे, बायपासला लागून वसलेल्या अयोध्या नगरसारख्या वस्तीत हे काम घरातल्याच एका खोलीत चालतं. तिथे मशीन एकदाच घेतलं जातं आणि पाच-सहा वर्षं त्याच्यावरच निभवायचं असतं. म्हणून ते घेताना सुरुवात कुठून करायची, हा प्रश्न महत्त्वाचा. एम. पी. नगरच्या दुकानात शिरलं की सुरुवात ग्राफिक्स कार्डापासून होते. “फोर के चलेगा, एकदम मक्खन,” असं आश्वासन मिळतं आणि बजेटचा निम्मा पैसा त्या एका कार्डात जातो. माझं म्हणणं असं की सुरुवात दुकानातून करूच नये. ती कॅमेऱ्याच्या कार्डावरच्या फाइलपासून करावी, कारण मशीन कुठे अडणार आहे हे ती फाइल आधीच सांगत असते.

फाइल अडवते म्हणजे काय करते? आजचे बहुतेक कॅमेरे आणि सगळे फोन एच.२६४ किंवा एच.२६५ या पद्धतीने व्हिडिओ दाबून ठेवतात. अशा बहुतेक फाइलींत प्रत्येक फ्रेम पूर्ण नसतेच. एक फ्रेम पुरी साठवायची आणि पुढच्या दहा-वीस फ्रेम्समध्ये फक्त काय बदललं तेवढं नोंदवायचं, अशी ही काटकसर आहे. सलग बघणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही. एडिटर मात्र सलग बघतच नाही. तो टाइमलाइनवर मध्येच उडी मारतो, मागे ओढतो, चार फ्रेम पुढे जातो, पुन्हा दोन मागे येतो. प्रत्येक उडीला मशीनला आधीची पुरी फ्रेम शोधून तिथपासून हिशेब मांडत यावं लागतं, आणि उलटं चालवताना तर त्याची दमछाकच होते. ही पद्धत पोचवण्यासाठी बनली, कापण्यासाठी नाही. टाइमलाइन अडखळते तेव्हा बहुतेक वेळा दोष डिस्कचा नसतो आणि रंग-इफेक्ट हाताळणाऱ्या कार्डाच्या ताकदीचाही नसतो. तो ही गाठ सोडवण्याच्या कामाचा, म्हणजे डीकोडिंगचा असतो.

डीकोडिंगसाठी प्रोसेसरात किंवा ग्राफिक्स कार्डात एक छोटा स्वतंत्र भाग असतो. त्याला ठरावीक प्रकारच्याच फाइली सोडवता येतात. बाकीच्या सगळ्या मुख्य प्रोसेसरच्या गळ्यात पडतात. खरी मेख इथे आहे. अलीकडचे सोनी आणि कॅनन कॅमेरे १० बिट ४:२:२ असा पर्याय देतात. रंगाची नोंद ४:२:० मध्ये चार पिक्सेलना मिळून एक असते, ४:२:२ मध्ये दोन पिक्सेलना एक. रंग सुधारताना त्याचा फायदा होतो, म्हणून फोटोग्राफर तोच पर्याय निवडतो. पण एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४० मालिकेपर्यंतच्या एकाही कार्डाला ४:२:२ची एच.२६५ फाइल सोडवता येत नाही. ती सोय २०२५ मध्ये आलेल्या ५० मालिकेपासून झाली. उलट इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या प्रोसेसरमध्ये जे साधं अंगभूत ग्राफिक्स असतं, ज्याकडे दुकानात कुणी ढुंकूनही पाहत नाही, ते हे काम बिनबोभाट करतं. आणि हेच अंगभूत ग्राफिक्स ‘एफ’ अक्षर लागलेल्या प्रोसेसरमध्ये नसतं. आय-फाइव्ह १२४०० आणि १२४००एफ यांत फरक तेवढाच. ‘एफ’वाला थोडा स्वस्त पडतो, आणि “कार्ड तर लावतोच आहोत” या हिशेबाने तोच गळ्यात मारला जातो. गेम खेळणाऱ्याला हा सौदा चांगला आहे. लग्नाचं फुटेज कापणाऱ्याने मात्र वाचवलेल्या पैशांच्या कित्येक पट महागाचं कार्ड घेऊनही रखडणारी टाइमलाइन विकत घेतलेली असते.

यावर विश्वास ठेवण्याची गरज नाही, पडताळून पाहता येतं. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्स या भागात जीपीयूवर गेलं की लहान लहान आलेख दिसतात. त्यांतला एक ‘व्हिडिओ डीकोड’ नावाचा असतो. क्लिप चालवायची आणि तो आलेख बघायचा. तो हलत असेल तर फाइल योग्य जागी सोडवली जातेय. तो तळाला सपाट पडलेला आणि प्रोसेसर मात्र शंभर टक्क्यांना भिडलेला असेल, तर अडचण कुठे आहे ते कळलं. कधी कधी प्रोसेसर योग्य असूनही आलेख सपाटच राहतो, कारण वेगळं कार्ड लावल्यावर मदरबोर्डने अंगभूत ग्राफिक्स आपोआप बंद केलेलं असतं. बायोसमध्ये जाऊन ते पुन्हा चालू करावं लागतं. अनेक बोर्डांवर त्या पर्यायाचं नाव ‘आयजीपीयू मल्टी-मॉनिटर’ असं असतं. खर्च शून्य. आणखी एक बारकावा कॅमेऱ्याच्या मेनूत दडलेला असतो. सोनीचं एक्सएव्हीसी एचएस म्हणजे एच.२६५, तर एक्सएव्हीसी एस म्हणजे एच.२६४. १० बिट ४:२:२ असलेली एच.२६४ फाइल ११व्या ते १४व्या पिढीतल्या इंटेललाही झेपत नाही. म्हणजे कॅमेरा तोच, दर्जा जवळपास तोच, आणि मेनूतल्या एका निवडीवर एडिटरचा आठवडा सुखाचा जाणार की रडतखडत, हे ठरतं. फुटेज आणून देणाऱ्याशी एडिटरने आधीच बोलून घ्यावं ते यासाठी.

एक आक्षेप रास्त आहे. छोट्या एडिटरकडे फाइल निवडण्याची मुभा असतेच कुठे? आज एकाचा कॅमेरा, उद्या दुसऱ्याचा, परवा ड्रोन, आणि वर वधूच्या मामाने फोनवर घेतलेली हळद. फाइल बघून मशीन घ्यायचं तर कोणती फाइल बघायची? उत्तर असं की जे येईल ते आहे तसं कापायचा हट्ट धरू नये. प्रॉक्सी कराव्यात, म्हणजे मूळ फाइलींच्या हलक्या प्रती. प्रोरेस प्रॉक्सी किंवा डीएनएक्सएचआर एलबी या पद्धतींत प्रत्येक फ्रेम स्वतंत्र आणि पुरी असते, त्यामुळे जुनं मशीनही त्यावर झरझर चालतं. कापून झालं की शेवटी सॉफ्टवेअर मूळ फाइली जोडून घेतं. अंतिम चित्रात रेषभर फरक पडत नाही.

‘प्रॉक्सी म्हणजे गरिबाचा उपाय’ ही समजूत मात्र काढून टाकायला हवी. चित्रपट फिल्मवर होते त्या बहुतेक काळात एडिटरने मूळ निगेटिव्हला कात्री लावली नाही. पुण्यात प्रभातच्या स्टुडिओत, जिथे पुढे फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली, काय किंवा हॉलिवूडमध्ये काय, कापली जायची ती वर्कप्रिंट. निगेटिव्ह लॅबमध्ये जपलेलं असे आणि संकलन पक्कं झाल्यावरच, वर्कप्रिंटवरच्या क्रमांकांवरून, ते कापलं जाई. १९८९ मध्ये अ‍ॅव्हिड आलं तेव्हाही तेच तत्त्व टिकलं. त्या काळच्या डिस्कांवर पूर्ण दर्जाचं चित्र मावतच नव्हतं, म्हणून खालच्या दर्जावर ऑफलाइन कापायचं आणि नंतर मूळ टेपवरून ऑनलाइन जुळवायचं. मूळ फाइल थेट कापण्याची सवय त्यामानाने कालपरवाची, आणि ती पडली कारण पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या मिनीडीव्ही टेपचं फुटेज सोडवायला सोपं होतं. प्रॉक्सी बनायला वेळ लागतो हे खरं, पण तो मशीनचा वेळ आहे. संध्याकाळी फाइली लावून ठेवल्या की सकाळी तयार असतात. अडखळणाऱ्या टाइमलाइनवर जातो तो माणसाचा वेळ, आणि त्यापेक्षा वाईट म्हणजे निर्णय: शॉट नीट चालतच नसेल तर कट चार फ्रेम आधी हवा की नंतर, हे कळणार कसं?

फोनच्या क्लिपांचं दुखणं निराळं. बहुतेक फोन सेकंदाला नेमक्या तितक्याच फ्रेम घेत नाहीत. उजेड कमी झाला की वेग घसरतो. मग एक तासाच्या रेकॉर्डिंगमध्ये आवाज आणि ओठ हळूहळू फारकत घेतात, आणि एडिटर मायक्रोफोनला दोष देत बसतो. अशा क्लिपा हँडब्रेकसारख्या फुकट सॉफ्टवेअरमधून आधी स्थिर फ्रेमरेटवर आणाव्यात. आणि नातेवाइकांना सांगावं की व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचंच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर आधीच दाबलेली फाइल ते आणखी दाबतं.

साठवणीच्या बाबतीत गणित केलं की बरीचशी भीती जाते आणि खरी भीती पुढे येते. फोर केची १०० मेगाबिटची फाइल सेकंदाला साडेबारा मेगाबाइट मागते. साधी हार्ड डिस्कसुद्धा दीडशेच्या आसपास देते. म्हणजे एका कॅमेऱ्याच्या फुटेजसाठी सात हजारांच्या वेगाची एनव्हीएमई लागते हे खरं नाही. चार कॅमेरे एकदम चालवताना डिस्कचा काटा इकडून तिकडे धावतो, म्हणून चालू काम एसएसडीवर ठेवावं, इतकंच. ती साधी साटा असली तरी भागतं. मात्र फार स्वस्त एसएसडी घेताना जपावं. क्यूएलसी प्रकारच्या डिस्कचा सुरुवातीचा जलद कप्पा भरला की मोठी कॉपी करताना वेग हार्ड डिस्कच्याही खाली येऊ शकतो, आणि खोक्यावर छापलेला आकडा त्या पहिल्या कप्प्याचाच असतो. खरी काळजी जागेची आणि प्रतींची. त्याच फाइलींचा एक तास म्हणजे ४५ जीबी. दोन कॅमेरे पाच-पाच तास चालले की ४५० जीबी झाले, तेही एका लग्नाचे. ग्राहकाने अल्बम नेईपर्यंत हे सगळं किमान दोन वेगळ्या डिस्कांवर हवं, आणि त्यांतली एक घराबाहेर. सप्तपदी काही पुन्हा होत नाही. शक्तिशाली कार्डाचे पैसे कमी करून दुसरी चार टीबीची डिस्क घ्यावी, असं मी म्हणतो ते याच हिशेबावर. कॉपी झाल्यावर टेराकॉपीसारख्या साधनाने ती पडताळावी, आणि तोवर कॅमेऱ्याचं कार्ड फॉरमॅट करू नये.

यूट्यूबवरचे सल्ले जिथे अपुरे पडतात ती जागा म्हणजे मे महिना. भोपाळचा पारा चाळिशी ओलांडतो, वरच्या मजल्यावरची खोली त्याहून तापते, आणि जास्त गरम झालेला प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. लॅपटॉपमध्ये हे फार लवकर होतं. कागदावर सारख्याच ताकदीचा लॅपटॉप आणि डेस्कटॉप दुपारच्या एक्स्पोर्टमध्ये सारखे राहत नाहीत. ज्याला मशीन घेऊन हिंडायचं नाही त्याने लॅपटॉपच्या वाटेला जाऊ नये, आणि मोठे एक्स्पोर्ट रात्री लावावेत. वीज हा दुसरा मुद्दा. ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे ६०० वॅट नव्हे. तो साधारण ३६० वॅटच पेलतो, आणि दणकट कार्ड असलेलं मशीन एक्स्पोर्टच्या ऐन भरात त्याच्यापुढे जाऊन यूपीएससकट बसतं. घरच्या इन्व्हर्टरवर चालवायचं असेल तर त्याचं बटण यूपीएस मोडवर हवं. आणि कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर घराचं अर्थिंग तपासून घ्यावं. कुठल्याही नव्या पार्टच्या आधी तो खर्च.

सॉफ्टवेअरच्या वादात मला फारसा रस नाही, पण एक गोष्ट बोलायला हवी. लग्नाच्या धंद्यात एडियसचा जोर उगाच नाही. ते पूर्वीपासून इंटेलच्या अंगभूत डीकोडिंगचा चांगला उपयोग करून घेतं आणि मध्यम मशीनवर हलकं चालतं. दाविंची रिझॉल्व्ह उलट कार्डावर भिस्त ठेवतं. रंगाचं, नॉइज काढण्याचं काम भरपूर असेल तर तिथे मोठं कार्ड खरोखर पैसे वसूल करतं, हे मान्य करायलाच हवं. पण मग तो निर्णयसुद्धा कामावरून झाला, दुकानातल्या यादीवरून नाही. चुकतं ते क्रॅक केलेली आवृत्ती टाकून ग्राहकांचा डेटा त्याच मशीनवर ठेवण्यात. त्या क्रॅकबरोबर काय आत येतं ते सगळ्या फाइली कुलूपबंद झाल्यावर कळतं. रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती फोर के यूएचडीमध्ये सेकंदाला ६० फ्रेमपर्यंत एक्स्पोर्ट देते, वॉटरमार्क उमटवत नाही, आणि गल्लीतल्या बऱ्याचशा कामाला ती पुरते. नॉइज रिडक्शन त्यात नाही. ते हवं असेल तर स्टुडिओ आवृत्ती एकदाच पैसे भरून मिळते, दरमहा हप्ता नाही.

“मग सरळ मॅक घ्या, कटकटच नको,” असंही सांगितलं जातं. त्यात तथ्य आहे. अ‍ॅपलच्या एम मालिकेतल्या चिप ४:२:२ची एच.२६५ सहज सोडवतात, गरम कमी होतात, वीज कमी खातात. बजेट असेल आणि एडियसवर अवलंबून नसाल तर मॅक मिनी हा वाईट सौदा नाही. पण एडियस मॅकवर चालत नाही, रॅम नंतर वाढवता येत नाही, आणि आतली साठवण वाढवून घेताना अ‍ॅपल जे दर लावतं त्यात बाहेरच्या दोन-तीन डिस्का येतात. ज्याच्या घरी आधीच १२व्या पिढीचा, ‘एफ’ नसलेला आय-फाइव्ह पडून आहे, त्याने १६ जीबीची रॅम ३२ करावी, एक साटा एसएसडी आणि दोन मोठ्या हार्ड डिस्का घ्याव्यात, वेगळं कार्ड आधीच लावलेलं असेल तर बायोसमधला तो पर्याय चालू करावा, आणि पुढच्या सीझनच्या फाइली हातात आल्यावर टास्क मॅनेजर उघडून मगच कार्डाचा विचार करावा.