बिनसूर्याचे ग्रह

कोणत्याही ताऱ्याभोवती न फिरता अंतराळात एकटेच हिंडणारे ग्रह आहेत, हे आता शास्त्रज्ञांनी मान्य केलं आहे. मराठीत त्यांना कुणी ‘अनाथ’ म्हणतं, कुणी ‘भटके’. मी चौतीस वर्षं बडोद्याच्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवलं. शब्दावरून भांडायची खोड काही जात नाही. त्यातून मी बेळगावची माहेरवाशीण. माहेरी गेले की कुणीतरी अजूनही ‘अगंबाई, इतकी वर्षं गुजरातेत!’ म्हणून माझ्याकडे त्या अनाथ ग्रहासारखंच बघतं. तेव्हा हा लेख थोडा स्वार्थाचा आहे.

अनाथ म्हणायचं तर आधी आईबाप होते, एवढं तरी ठाऊक हवं. इथे तेच ठाऊक नाही. मुळात हे ग्रह दिसणंच कठीण. ग्रहाला स्वतःचा उजेड नाही आणि जवळ सूर्य नाही. नुकते जन्मलेले, अजून ऊन असलेले काही ग्रह अवरक्त किरणांत दिसतात. वृश्चिक राशीच्या बाजूला २०२१ मध्ये असे किमान सत्तर मोजले गेले. पण म्हातारे, थंडगार झालेले? त्यांच्यासाठी वेगळी युक्ती आहे, आणि ती मला फार आवडते.

असा ग्रह हिंडता हिंडता एखाद्या दूरच्या ताऱ्याच्या अगदी आड आला, तर त्याच्या गुरुत्वाकर्षणाने ताऱ्याचे किरण वाकतात, आणि तारा झाकला जाण्याऐवजी उलट उजळतो. भिंग धरल्यासारखा. आइन्स्टाइनने १९३६ मध्ये हे गणित छापलं, आणि प्रत्यक्षात ते दिसण्याची फारशी आशा नाही असंही लिहिलं. एकेका ताऱ्याकडे डोळे लावून बसलं तर खरंच जन्म जाईल. म्हणून चिलीमधून पोलिश शास्त्रज्ञ आणि न्यूझीलंडमधून जपानी व तिथली स्थानिक मंडळी आकाशगंगेच्या मध्याकडचे कोट्यवधी तारे पुन्हा पुन्हा मोजत बसतात. आड येणारा दुसरा तारा असेल तर उजळणं कित्येक दिवस टिकतं. गुरूएवढा ग्रह असेल तर एखाददुसरा दिवस. पृथ्वीएवढा असेल तर काही तासच. जून २०१६ मधल्या एका घटनेचा काळ भरला जेमतेम ४२ मिनिटं. ती मंगळ ते पृथ्वी यांच्या दरम्यानच्या वजनाच्या ग्रहाची असावी, असं २०२० मध्ये जाहीर झालं. बेचाळीस मिनिटं म्हणजे कुकर लावून, उतरवून, वरणाला फोडणी देईपर्यंतचा वेळ. आणि पुन्हा ते घडायचं नाही. ग्रह गेला तो गेला. मोजदादही यामुळे डळमळते. गुरूएवढे एकटे ग्रह ताऱ्यांहूनही जास्त असावेत, असा २०११ चा अंदाज होता. २०१७ मध्ये पोलिश मंडळींनी तो चार ताऱ्यांमागे फार तर एक, इथवर खाली आणला.

संस्कृतात ग्रह म्हणजे धरणारा. पंचांगातले ग्रह आपल्याला धरतात. हा बापडा दुसऱ्याचा उजेड घटकाभर धरतो, तेवढीच त्याची ओळख.

आता, हे एकटे का? एक शक्यता अशी की ग्रहमाला घडताना धक्काबुक्की होते आणि गुरूसारखा एखादा दांडगा ग्रह लहानग्याला कायमचा बाहेर भिरकावतो. दुसरी अशी की तारे जसे वायूच्या ढगातून गोळा होतात, तसाच हा लहान गोळा एकट्यानेच जमला; त्याला सूर्य कधी नव्हताच. नुसता एक ग्रह पाहून यातलं कुठलं खरं, ते सहसा सांगता येत नाही.

आमच्या घरात दोन्ही प्रकार नांदले. मी १९७६ मध्ये लग्न होऊन बडोद्याला आले, म्हणजे पहिला. (धक्काबुक्की नाही, मानपानावरून थोडी कुरबुर.) मामंजी दुसरा. दांडिया बाजारात जन्मलेले, पूर्वज गायकवाडांच्या फौजेबरोबर आलेले. भाजीला बिनदिक्कत शाक म्हणणारे. १ मे १९६० ला बडोदं गुजरातेत गेलं म्हणून मी एकदा हळहळले, तर म्हणाले, “सूनबाई, तुटायला आम्ही कुठे जोडलेले होतो? आमची मराठी इथंच जमली.” ते १९८८ मध्ये गेले. तोवर सूर्यमालेबाहेरचा एकही ग्रह खात्रीने माहीत नव्हता.

सीमाभागातल्या वाचकांना आणखी एक सांगायला हवं. कुरुंदवाडला जन्मलेले आणि हुबळीत वाढलेले श्रीनिवास कुलकर्णी यांच्या चमूने १९९५ मध्ये ग्लीझ २२९ या ताऱ्याजवळ एक तपकिरी बटू शोधला: ताऱ्याहून हलका, ग्रहाहून जड. (ती जोडी आहे, हे २०२४ मध्ये कळलं.) मग ग्रह कुठे संपतो आणि बटू कुठे सुरू होतो? गुरूच्या साधारण तेरापट वजनाशी रेघ ओढली आहे. तिच्यापलीकडे पोटात जड हायड्रोजन पेटतो. एकटे हिंडणारे मात्र रेघेच्या अल्याड-पल्याड सलग पसरलेले. आंतरराष्ट्रीय खगोल संघाच्या २००३ च्या व्याख्येने तर तरुण तारकागुच्छांतल्या, रेघेच्या अल्याडच्या एकट्यांना ग्रह म्हणायलाच नकार दिला. ते म्हणे ‘उप-तपकिरी बटू’. आयोगाने कागदावर रेघ ओढली की पुढे काय होतं, ते बेळगावकरांना मी काय सांगावं! मी आपली ‘बिनसूर्याचे’ म्हणते. ठाऊक आहे तेवढंच त्यात येतं.

वजनाचाही घोळ असतोच. जवळचा हलका की लांबचा जड, हे एका जागेवरून पाहून कळत नाही. मे २०२४ मध्ये मात्र पृथ्वीवरच्या दुर्बिणींबरोबर पंधरा लाख किलोमीटरवरचं गाया यानही योगायोगाने त्याच ताऱ्याकडे बघत होतं. दोन ठिकाणच्या उजळण्यात जो फरक पडला, त्यावरून अंतर निघालं आणि अंतरावरून वजन: शनीहून काहीसं कमी.

आणि ते सगळे गोठलेलेच असतील असंही नाही. डेव्हिड स्टीव्हन्सन यांनी १९९९ मध्ये दाखवलं की पृथ्वीसारख्या फेकल्या गेलेल्या ग्रहावर हायड्रोजनच्या जाड वातावरणाची गोधडी असेल, तर पोटातल्या किरणोत्सारी द्रव्यांच्या उष्णतेवर तिथलं पाणी अब्जावधी वर्षं पातळ राहू शकेल.