अडलेलं पाणी

रहिमतपूर-कोरेगाव भागात कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की डोक्याला मार लागलेले पेशंट येऊ लागतात. अंधारात उभी, मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली, तिच्यावर आदळलेली मोटारसायकल आणि हेल्मेट घरी खुंटीला. आधी सीटी होतो, तेच योग्य. रक्ताची गाठ आणि फ्रॅक्चर तो झटपट दाखवतो. एमआरआय वाचायला माझ्याकडे येतो तो सीटीत फारसं काही नसूनही पेशंट शुद्धीवर येत नाही तेव्हा. अशाच एका पोराच्या मामांनी विचारलं, "सीटी नॉर्मल हाय म्हंत्यात, मग डोळं का उघडत न्हाई?"

उत्तर पुष्कळदा एमआरआयमधल्या डिफ्यूजनच्या चित्रात असतं. क्षणभरात पाणी किती सरकलं, एवढंच ही तपासणी मोजते. पाण्याचे रेणू कधी स्वस्थ नसतात. रॉबर्ट ब्राउनला १८२७ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली परागांतल्या कणांची थरथर दिसली ती त्यांच्याच धक्क्यांची. १९६५ मध्ये स्टेस्कल आणि टॅनर यांनी चुंबकीय क्षेत्राचे दोन झटके देऊन ही हालचाल मोजायची रीत बसवली. पहिल्या झटक्याची खूण दुसरा पुसतो, पण रेणू जागचा हलला नसेल तरच. हलला असेल तर सिग्नल पडतो. मेंदूत पन्नास मिलिसेकंदांत रेणू दहाएक मायक्रॉन जातो, म्हणजे साधारण एका पेशीएवढा. म्हणून डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशींची हालहवाल मिलिमीटरच्या चित्रात उमटते.

मार बसलेल्या पेशीची ऊर्जा संपली की सोडियम बाहेर फेकणारा पंप थांबतो. सोडियम आत येतं, पाठोपाठ पाणी. पेशी फुगतात आणि पेशींमधली जागा, एरवी एकूण आकारमानाचा पाचवा हिस्सा, आकसते. पाण्याला फिरायला वाट उरत नाही. डिफ्यूजनवर तो भाग पांढराशुभ्र, एडीसी नकाशावर, म्हणजे पाणी किती मोकळं फिरतं ते दाखवणाऱ्या नकाशावर, काळा. रक्तपुरवठा तोडल्यावर हा बदल किती लवकर दिसतो हे मोझली यांनी १९९० मध्ये मांजरांच्या मेंदूत दाखवलं. दुसरी सूज याच्या उलट: रक्तवाहिन्या गळू लागतात, पाणी पेशींबाहेर साचतं, तिथे ते जास्तच मोकळं फिरतं आणि एडीसी वाढतो. सीटीवर दोन्ही काळपटच, आणि एकाच जखमेत दोन्ही शेजारीशेजारी नांदू शकतात.

हा फरक एडीसी दाखवतो, त्यामुळे नुसतं पांढरं बघून 'रिस्ट्रिक्शन', म्हणजे पाणी अडलंय, असं लिहून मोकळं होणाऱ्यांवर माझा राग आहे. एडीसी न उघडता असा रिपोर्ट द्यायचा म्हणजे नाणं न फेकता छापा सांगायचा. त्यात कपाळामागे आणि कानांजवळ, हवा आणि हाड जिथे भिडतात, हे चित्र आपोआपच वेडंवाकडं होऊन खोटं चमकतं. मेंदूला मार बसायच्या लाडक्या जागाही नेमक्या त्याच.

या पोराच्या स्प्लेनियममध्ये, म्हणजे दोन्ही अर्धगोल जोडणाऱ्या पट्ट्याच्या मागच्या टोकाला, ठिपका होता: डिफ्यूजनवर पांढरा, एडीसीवर काळा. मामांचा स्वतःचा ऊस, म्हणून त्यांच्याच भाषेत सांगितलं. वाढलेल्या उसात सरीने सरळ चालता येतं, आडवं घुसलं की पानं अंग कापतात. मेंदूच्या पांढऱ्या भागातलं पाणीही तसंच तंतूंच्या दिशेने सहज जातं, आडवं अडतं. डोकं झटक्यात फिरलं की हे तंतू ताणले जातात, काही पिळवटतात.

"म्हंजे तुटला न्हाई, लोळलाय?"

"काही लोळलेत, काही तुटलेत. कुठले कोणते, ते हे चित्र आज सांगत नाही."

ते मान हलवून म्हणाले, "लोळलेला बी कारखान्याला जातो."

तंतूंची ही दिशा मोजायचं गणित बॅसर आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये मांडलं. त्यातून निघणारी रंगीबेरंगी चित्रं सुरेख असतात, नातेवाईक मोबाइलमध्ये फोटो काढून नेतात. मी मात्र ती रिपोर्टला जोडायला नाखूश असतो. पेशंटांच्या गटांत फरक दिसतो हे खरं, पण सुरुवातीच्या दिवसांत या गणितातून निघणारे आकडे काही अभ्यासांत घटलेले तर काहींत वाढलेले मिळालेत. एका पोराच्या नशिबाबद्दल त्यावरून बोलायचं धाडस माझ्यात नाही.

रक्तपुरवठा तुटलेल्या भागात आणखी एक फसगत होते. आठवडा-दहा दिवसांनी मेलेल्या पेशी फुटू लागतात, अडलेलं पाणी सुटतं आणि खाली गेलेला एडीसी वर चढताना वाटेत नॉर्मलला भेटतो. त्या दिवशीचा नकाशा बघून घरच्यांना पेढे वाटावेसे वाटतील. पुढे तो नॉर्मलच्याही वर जातो, कारण तिथे पाण्याला अडवणारं काही उरलेलंच नसतं.

म्हणून फॉर्मवर नुसतं 'हेड इंज्युरी' लिहून पाठवणाऱ्या डॉक्टरांना मी फोन लावतो: मार कधी लागला, किती वाजता, आणि मधे फिट आली होती का? फिट येऊन गेल्यावरही मेंदूचा एखादा भाग काही दिवस असाच चमकतो.