शहागंजातील बर्फाची बादली

स्नायूंवर हुकमत चालविणाऱ्या मज्जापेशी क्रमाने नष्ट करून मनुष्याला, बहुधा बुद्धी शाबूत असतानाच, स्वतःच्याच देहात जखडून टाकणाऱ्या एएलएस या व्याधीकडे लक्ष वेधावे म्हणून बर्फगार पाण्याची बादली मस्तकावर ओतून घेण्याची अमेरिकेतील लाट २०१४ च्या ऑगस्टात जेव्हा औरंगाबादच्या शहागंजातील आमच्या गल्लीपर्यंत येऊन ठेपली आणि पुतण्याने "काका, चोवीस तासांची मुदत आहे," असे फर्मावले, तेव्हा मी प्रथम नळाकडे पाहिले. मलिक अंबराने नहर खोदून ज्या नगराची तहान भागविली, तेथे भरली बादली अंगणात उधळणे मला, स्पष्टच लिहितो, उर्मटपणाचे वाटले.

त्याच सुमारास हैदराबादच्या मंजुलता कलानिधी यांनी पाण्याऐवजी बादलीभर तांदूळ गरजूस देण्याचा प्रघात सुरू केला होता. आणि हैदराबादचे फर्मान शिरसावंद्य मानण्याची सवय औरंगाबादला जुनीच! पण तांदळाने भूक शमते, व्याधीचे नाव कोणाच्या कानी पडत नाही. अखेर तांब्याभर बर्फाचे पाणी तुळशीजवळ डोक्यावर घेतले आणि संशोधनासाठी यथाशक्ति रक्कम धाडली.

या खेळाला पोरकट म्हणणाऱ्यांनी जमाखर्च पाहावा: अमेरिकेतील एएलएस असोसिएशनकडे सुमारे साडेअकरा कोटी डॉलर जमले, आणि त्या निधीच्या साहाय्याने झालेल्या संशोधनातून २०१६ साली ‘एनईके१’ या जनुकाचा या व्याधीशी संबंध उघड झाला. ही लाट जगभर नेणारे पीट फ्रेट्स २०१९ मध्ये आणि पॅट क्विन २०२० मध्ये त्याच व्याधीने गेले. ती समूळ बरी करणारे औषध अद्याप हाती आलेले नाही.